सासऱ्यांच्या गाडीने खाल्लेली हवा

माझ्या सासऱ्यांनी आपली एकुलती एक मुलगी मला दिली तेव्हा दोनच प्रश्न विचारले होते. आपली गाडी माझ्या ताब्यात देण्याआधी त्यांनी सतरा विचारले. दोन्ही वेळा मी उत्तीर्ण झालो, आणि दोन्ही वेळा परीक्षकांची फसगत झाली, हे आज मोकळेपणाने नमूद करावेसे वाटते.

मामा (आमच्याकडे सासऱ्यांना मामाच म्हणतात) लष्करात गाड्यांच्या विभागात हवालदार होते. निवृत्तीनंतर ते आष्ट्याच्या अलीकडे आपल्या गावी ऊस करू लागले. उसाला ते पाणी देत, आणि उरलेले सगळे प्रेम त्या छोट्या पांढऱ्या गाडीला. यंदा गाडीला वीस वर्षे झाली आणि मामांना एकोणऐंशी. दोघांचीही कागदपत्रे नूतनीकरणाला आली होती, असे माझी पत्नी सुनंदा म्हणाली. मी हसलो नाही. (मी तिच्या माहेरच्या विषयांवर सहसा हसत नाही.)

त्यात मामांचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले. महिनाभर गाडी चालवायची नाही, वाकायचे नाही, डोळ्यात धूळ जाऊ द्यायची नाही. सुनंदाने संधी साधून वडिलांना सुनावले.

"तात्या, आता पुरे झालं. विकून टाका ती गाडी."

 मामा म्हणाले, "सांगलीला आरटीओची तपासणी हाय. पास झाली तर ठेवीन. नापास झाली तर घाल भंगारात. मी एक शब्द बोलणार न्हाई."

एवढ्या वर्षांत मामांनी दिलेला शब्द फिरवल्याचे कोणी पाहिलेले नाही. त्या गावाला एसटी दिवसातून दोनदा येते, तीही चालकाच्या मनात आले तर. आष्ट्याचा बाजार, जुन्या सैनिक मित्रांचा कट्टा, वेळीअवेळी कुणा शेजाऱ्याला दवाखान्यात नेणे, हे सगळे त्या चार चाकांवर उभे होते. गाडी गेली असती तर मामा अंगणातल्या खुर्चीत बसले असते, आणि तिथून ते उठले नसते. हे मला कळत होते. म्हणूनच, मामांना चालवायचा मोह नको म्हणून तपासणीपर्यंत गाडी साताऱ्याला माझ्याकडे ठेवायचे ठरले तेव्हा मला फार मोठी जबाबदारी वाटली. दुर्दैवाने, जबाबदारी वाटली की मी काहीतरी करतो.

"दर रविवारी सुरू करायची," मामांनी बजावले. "फोन इंजिनापाशी धरायचा. मी ऐकतो."

"हो मामा."

"आन् पावणं, इंजिनाला हात लावायचा न्हाई."

"मामा, मी ग्रंथपाल आहे. मी कशाला हात लावतो?"

"तेच म्हणतोय मी," मामा म्हणाले.

पहिले दोन रविवार निर्विघ्न पार पडले. पहिल्या रविवारी तर सुनंदाने गाडी सुरू असतानाचे चित्रणही करून ठेवले. मी फोन धरला, मामांनी डोळे मिटून (असे मी समजतो) पाच मिनिटे ऐकले आणि "झकास!" म्हणाले.

मग खंडेनवमी आली.

खंडेनवमीला आमच्या भागात हत्यारांची आणि अवजारांची पूजा होते. कोयता, शिलाई यंत्र, ट्रॅक्टर, ज्याचे पोट ज्यावर चालते ते. मी आजवर ग्रंथालयातला तारखेचा शिक्का आणि कागद कापायची सुरी पूजत आलो. पूजा सुटसुटीत होत असे, पण शेजारच्या देशमुखांच्या मालमोटारीपुढे ती जरा क्षीण दिसे. यंदा प्रथमच माझ्या दारात गाडी होती! केवळ टपावर हार घालणे मला वरवरचे वाटले. पूजा यंत्राची आहे, तर ती यंत्राची व्हावी. मी बॉनेट उघडले.

आत धूळ होती. मळक्या यंत्राला हळदकुंकू कसे लावायचे? मी पाण्याची नळी आणली. मग साबण आणला. मग मोरीतला ताठ ब्रश आणला. (ब्रश नवा होता, तेवढे श्रद्धेचे भान मला होते.) सांदीकोपऱ्यांतून मी तासभर असा घासत होतो की देशमुख कुंपणापाशी येऊन विचारते झाले, "काय साहेब, भांडी का?"

इंजिन चकाकू लागले. त्याच्या माथ्यावर एक लांब दांडी होती, चार छोट्या नळ्यांवर आडवी बसवलेली. हार बांधायला ती मला इतकी सोयीची वाटली की बनवणाऱ्यांनी खंडेनवमीचाच विचार केला असावा! मी झेंडूचा हार तिच्याखालून ओवला. तो घट्ट बसेना, म्हणून दांडी जरा वर उचलून पाहिली. तीही हलेना, म्हणून जरा जोर केला. कुठेतरी बारीकसा 'कट्' आवाज झाला. मी तो आवाज ऐकला, हे मी इथे कबूल करतो. त्या वेळी मी तो माझ्या खांद्याचा आहे असे ठरवले.

पूजा झाली. गाडी सुरू केली. ती सुरू झाली, पण दम लागल्यासारखी. आवाज आपोआप चढे, मग पडे, मग मरता मरता पुन्हा चढे. पुढ्यात एक पिवळा दिवा लागला.

"अहो, हा दिवा कसला?" सुनंदाने विचारले.

"दसऱ्याचा," मी म्हणालो.

माझ्या आयुष्यातली ही काही पहिली थाप नव्हती, पण इतक्या चपळाईने सुचलेली बहुधा पहिलीच. पुढचे तीन दिवस मी गाडी बरी होण्याची वाट पाहिली. मला ताप आला की मी तीन दिवस वाट पाहतो. गाडीलाही तोच न्याय लावला. चौथ्या दिवशी रविवार उजाडला आणि बरोबर नऊ वाजता मामांचा फोन आला.

आता जे सांगणार आहे ते सांगताना आजही माझी मान खाली जाते. मी सुनंदाचा फोन घेतला, त्यातले पहिल्या रविवारचे चित्रण लावले, आणि माझा फोन तिच्या फोनजवळ धरला.

मामांनी पाच मिनिटे ऐकले. नेहमीचे "झकास" काही आले नाही. "बरं," म्हणाले, आणि फोन ठेवला.

मंगळवारी अकरा वाजता सांगलीत तपासणी होती. सोमवारी सकाळी मी रजा टाकली आणि गाडी कशीबशी नजीरभाईंच्या गॅरेजात नेली. नजीरभाई बोलायला कडक. त्यांनी इंजिन सुरू ठेवून एका डब्यातून फवारा काढला आणि एकेका सांध्यावर थोडाथोडा मारत गेले. पहिल्या सांध्यावर काही नाही. दुसऱ्यावर काही नाही. मग त्यांनी त्या दांडीखालच्या नळ्यांच्या बुडाशी फवारा मारला, आणि तडफडणारे इंजिन एकदम शांत, सुरेल चालू लागले! मला भरून आले.

"झाली बरी?" मी विचारले.

"बरी कशाची? सापडलं!" नजीरभाई म्हणाले. "हितनं हवा ओढतीय. पेट्रोल हाय तेवढंच, हवा जादा. चहात पाणी वाढवलं की कसा लागतो? तसं चाललंय. हे पेट्रोल उडवणारे इंजेक्टर, आन् प्रत्येकाच्या बुडाला एक रबरी सील असतंय. वीस वर्षाचं रबर, पापड झालाय त्याचा. कुणीतरी ही दांडी उचकटलीय."

"कोणी बरे उचकटली असेल?" मी म्हणालो.

नजीरभाईंनी दांडीखालून झेंडूची एक पाकळी काढली, माझ्याकडे पाहिले, आणि ती माझ्या तळहातावर ठेवली.

"सील पुण्यासनं मागवतो. परवा बसवू."

"पण तपासणी उद्या आहे!"

"मग उद्या नापास हुईल. धुराला नळी लावत्यात, साहेब. मशीनला काय तुमची दया येणार?"

मी गाडी घरी आणली. डोळ्यांपुढे अंगणातली ती खुर्ची दिसू लागली. काय करावे या विचारात मी डिकी उघडली. तिथे मामांचा लष्करी पत्र्याचा डबा होता. झाकण उघडताच वरच्या कप्प्यात काय दिसावे? काळ्याभोर, गुबगुबीत रबरी रिंगा! उसाला ठिबकने पाणी देताना नळीच्या भोकात बसवतात त्या. मी एक हातात घेतली. गोल होती. सीलही गोलच असते! हा योगायोग नव्हे, हा आशीर्वाद आहे, असे मला वाटले.

(नजीरभाईंना फोन करून विचारलेही. "पेट्रोलाचा वास लागला की फुगतंय ते रबर," ते म्हणाले. "तसलं काय करू नका." मी ते ऐकले, आणि 'वास' म्हणजे फारसे नाही, असा त्याचा अर्थ लावला.)

ग्रंथालयात मोटारदुरुस्तीवरचे एकमेव पुस्तक होते. ते मी स्वतःच्या नावावर नोंदवून घरी आणले. त्यातली सर्व माहिती ट्रॅक्टरविषयी आहे, हे चाळिसाव्या पानावर समजले, पण तोवर दांडी सुटलेली होती. सुटताना तिने माझ्या सदऱ्यावर पेट्रोलची पिचकारी मारली. चार जुनी सील काढली. ती हातातच भुगा झाली. चार ठिबकच्या रिंगा बसवल्या. दिवेलागणीला किल्ली फिरवली, आणि गाडी मांजरीसारखी गुरगुरू लागली! मी जागच्या जागी हात जोडले.

"अंगाला कसला वास येतोय?" सुनंदाने विचारले.

"सॅनिटायझर," मी म्हणालो.

मंगळवारी साडेसातला आम्ही निघालो. उंब्रजपर्यंत गाडी अशी पळाली की मी शीळ घालत होतो. सुनंदाने दोनदा माझ्याकडे पाहिले; लग्नानंतर मी शीळ घातलेली तिने ऐकली नव्हती. कराडला ती शीळ थांबली. आवाज जरासा चढला. मी आरशातून मागे पाहिले, जणू आवाज दुसऱ्या कोणाच्या गाडीचा असावा. पेठनाक्याला आवाज चढू आणि पडू लागला. इस्लामपूर ओलांडताना पिवळा दिवा लागला.

"दसरा होऊन गेला," सुनंदा शांतपणे म्हणाली.

मामा फाट्यावरच उभे होते. कडक इस्त्रीचा सदरा, काळा चष्मा, हातात कागदांची पिशवी. ते पुढच्या सीटवर बसले. सुनंदा मागे गेली.  दोन मैल बोलत होते ते फक्त इंजिन, आणि तेही त्रुटित.

"पेट्रोल नवीन भरलंय," मी म्हणालो. "त्यामुळे जरा..."

"व्हय?" मामा म्हणाले.

"आणि हवाही आज जड आहे."

"हवेचाच काहीतरी घोळ दिसतोय खरा," मामा म्हणाले.

आष्टा गेले. सांगली दहा-बारा किलोमीटर राहिली असेल. दहाला दहा मिनिटे होती. 'फट्!' असा बार झाला, गाडीने एक आचका दिला आणि ती उसाच्या कडेला जाऊन उभी राहिली. मी किल्ली फिरवली. एकदा, दोनदा, पाचदा. छे!

एक दुचाकीवाला थांबला. "काय झालं आबा? टोचन लावून देऊ का? पाटलाचा ट्रॅक्टर आणतो."

"नगं रं," मामा म्हणाले. "ओढत नेलेली गाडी साहेब पास करंल व्हय?" आणि माझ्याकडे वळून, "उघडा."

मी बॉनेट उघडले. मामांना वाकायची बंदी, म्हणून ते रस्त्याच्या कडेच्या दगडावर बसले, आणि मी एकेक गोष्ट बोटाने दाखवून नाव सांगत राहिलो. दांडीच्या नळीशी काहीतरी काळे, मऊ बाहेर आले होते. फुगून ते जिलबीएवढे झाले होते! मी ते उपटून मागे लपवले.

"आणा हिकडं."

मी दिले. मामांनी ते दोन बोटांत चोळले, नाकाला लावले. चष्मा काढायची त्यांना गरज पडली नाही.

"ही माझ्या उसातली हाय."

रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्यांचे आवाज तेव्हा मला फार लांबून आल्यासारखे वाटले. छप्पन्न वर्षांचा, चार लोकांत मान असलेला मी, उसाच्या कडेला उभा राहून बोलू लागलो. ब्रश सांगितला. साबण सांगितला. हार, दांडी, 'कट्', पाकळी, ट्रॅक्टरचे पुस्तक. सॅनिटायझरही सांगितला. त्यावर मागून सुनंदा "अगं बाई!" म्हणाली. शेवटी रविवारच्या चित्रणापाशी आलो आणि स्वतःच्या बुटांकडे पाहू लागलो.

"ते ऱ्हाऊ द्या," मामा म्हणाले. "ते ठावं हाय मला."

"तुम्हाला? कसे?"

"पयल्या रविवारी तुमच्या दारात मेथीवाली वरडत होती, 'धाला दोन, धाला दोन.' परवाच्या रविवारी बी तशीच वरडली. त्याच जागी, तेवढ्याच दमात. आन् मधी तेच कुत्रं भुंकलं." मामांनी रिंग खाली ठेवली. "डोळं गेल्यात माझं, जावईबापू. कान जाग्यावर हायीत."

"मग तुम्ही काही बोलला का नाही?"

"म्हटलं, सांगत्याल. दोन दिस वाट बघत हुतो फोनची."

त्यांनी मला चार शिव्या दिल्या असत्या तर मी त्या नम्रपणे घेतल्या असत्या. ही वाट पाहण्याची गोष्ट मात्र मला घेता येईना. गाडी नापास होणार आणि भंगारात जाणार, आणि त्या माणसाने माझ्या एका फोनची वाट पाहिली होती! माझे डोळे भरून आले. मामांना ते दिसले नाही, एवढीच त्या मोतीबिंदूची कृपा.

"डबा आणा डिकीतला," ते म्हणाले.

मी आणला.

"वरचा कप्पा उचला."

वरचा कप्पा उचलता येतो हेच मला ठाऊक नव्हते! खाली तेलकट कागदात गुंडाळलेली चार नवी कोरी सील होती, पाने होते, पक्कड होती. आणि झाकणाच्या आतल्या बाजूला मामांच्या ठसठशीत अक्षरात चिकटवलेली चिठ्ठी होती: 'वर शेत, खाली गाडी.'

तीस वर्षे मी लोकांना सांगत आलो, की आधी पुस्तकाच्या पाठीवरची चिठ्ठी वाचा.

"दहा वाजून पाच," सुनंदा घड्याळ पाहत म्हणाली. "बडबड नंतर."

"आधी पंपाचा फ्यूज काढा, मग सेल मारून बघा. नळीतला दाब उतरंल," मामांनी हुकूम सोडला. "मग बॅटरीची तार सोडा. इंजिन निवू द्या जरा. काल ह्यातलं काय केलतं?"

"काहीच नाही."

"जित्तं हायसा, नशीब."

मी पाना हातात घेतला.  पहिला बोल्ट सुटला आणि उसात पडला. मी उसात शिरलो, तो शोधून आणला, आणि पुन्हा पाडला.

"सुनंदा," मामा म्हणाले, "तू घे."

"मी? तात्या, मला कुठं येतंय?"

"मी सांगतो. शेवयाच्या यंत्राची चकती कोण बदलायचं घरात? तूच का न्हाई? मग!"

पदर खोचून ती वाकली. मामा दगडावरून सांगत होते, "डाव्या अंगाला. बोटानं चाचप. दात लागला? आता सरळ दाब, पिळू नकोस." तिने एकेक सील असे बसवले जसे मोदकाचे तोंड मिटावे. आणि मी? मी मामांच्या डोळ्यांत धूळ जाऊ नये म्हणून त्यांच्या डोक्यावर छत्री धरून उभा होतो. तो दुचाकीवाला अजून तिथेच होता. त्याने मला अत्यंत सहानुभूतीने विचारले, "तुमी कोण यांचे?"

मी उत्तराचा विचार करीत असतानाच सुनंदा म्हणाली, "झालं!"

दहा बेचाळीस. फ्यूज, तार, किल्ली. इंजिन एकदा खोकले, आणि मग असे चालू लागले की मामांनी तळहात बॉनेटवर ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

सांगलीत आम्ही पोहोचलो तेव्हा अकराला दोन मिनिटे होती. आमचा क्रमांक पुकारला गेला. धुराच्या नळकांड्यात नळी घातली गेली. यंत्रावर आकडे नाचू लागले. मामा सावधान अवस्थेत उभे होते. सुनंदाचे हात काळे झाले होते, आणि त्याच हातांनी तिने माझा दंड इतका घट्ट धरला की तो सदरा पुढे टाकून द्यावा लागला. साहेबांनी आकडे पाहिले. पुन्हा पाहिले. मग इंजिनात डोकावून म्हणाले, "एवढं स्वच्छ इंजिन मी वर्षभरात पाहिलं नाही. कोणी धुतलं हो?"

 मामांनी सावकाश माझ्याकडे बोट केले.

"शाब्बास!" साहेब मला म्हणाले, आणि कागदावर शिक्का मारला.

बाहेर आल्यावर मामांनी माझ्यापुढे हात केला. मला वाटले, हस्तांदोलन. मी हात पुढे केला, तर त्यांनी त्यातली किल्ली काढून सुनंदाला दिली.

सरकारने त्या गाडीला आणखी पाच वर्षे रस्त्यावर राहण्याची परवानगी दिली आहे, आणि मामांनी मला तेवढीच वर्षे तिच्यापासून दहा पावले लांब राहण्याची.